पिवळ्याला सोबत

बीडमध्ये कुणी एकटं असू शकतं, हे लोकांना पटत नाही. दवाखान्यात एक जण भरती झाला की चार जण व्हरांड्यात पथारी टाकतात, आणि त्याला घरी सोडलं तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी त्यातले दोघं मागं थांबतात. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस गेवराई येईपर्यंत तुमचं गाव, तुमची भावकी आणि तुमच्या पोरीला कुठं दिली इथवर पोचलेला असतो. गप्प बसलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. तिसरी शक्यता आमच्याकडं धरत नाहीत.

त्यामुळं पेठ बीडमधल्या आमच्या दाजींनी निवृत्तीनंतर पुण्याहून एक पिवळाजर्द कॅनरी आणला, तेव्हा अक्कानं पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही.

"ह्याच्या संगं कोण?"

"कुणी नाही. नर आहे. एकटा ठेवला की चांगला गातो म्हणे दुकानदार."

अक्कानं दाजींकडं असं पाहिलं, की दुकानदाराचं मत तिथल्या तिथं बाद झालं.

दुकानदार तसा खरं बोलला होता. कॅनरीत गाणं नराचं. मादी फार तर थोडंसं पुटपुटते. नर गातो ते मादीला बोलवायला, आणि दुसऱ्या नराला 'इकडं फिरकू नको' असं बजवायला. मादी शेजारच्याच दांडीवर येऊन बसली की निम्मं काम झालेलं असतं, मग गाणंही निम्म्यावर येतं. हा पक्षी मूळचा अटलांटिक महासागरातल्या कॅनरी, मदेरा आणि अझोर्स बेटांवरचा. तिथं तो अजूनही हिरवट, रेघारेघांचा आणि चिमणीहून लहान असा हिंडतो. निव्वळ पिवळा रंग माणसानं पाचशे वर्षं निवडून निवडून काढलेला. बेटांवर विणीचा हंगाम सरला की हे पक्षी थव्यानं चरतात, आणि हंगाम आला की एकेक नर आपापला इलाखा धरून दुसऱ्याला हुसकावतो. म्हणजे याला सोबत हवी की नको, हे आधी महिना बघून ठरवायचं.

पिवळ्या श्रावणापर्यंत गायला. गल्लीतली पोरं शाळेतून येताना दारात थांबायची. मग त्याची पिसं झडायला लागली आणि गाणं बंद पडलं. अक्कानं निदान केलं, "झुरायलंय बिचारं. एकटं पडलंय." ही बातमी पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून, चहा घेत, पिवळ्याकडं बघून 'च्च' करून जायचे.

या मौनाचा उलगडा फर्नांदो नॉटेबोम या शास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात केला होता. १९८१ साली त्यानं दाखवून दिलं, की कॅनरी नराच्या मेंदूतले गाण्याचे भाग विणीचा हंगाम संपल्यावर चक्क आकसतात आणि वसंतात पुन्हा वाढतात. मोठ्या वयाच्या कॅनरीच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात, हेही त्याच्याच प्रयोगशाळेतून दोन वर्षांनी पुढं आलं. तोवर ते बहुतेकांना अशक्य वाटायचं. कॅनरी दरसाल आपल्या गाण्यातल्या काही जागा टाकतो आणि काही नव्या घेतो. थोडक्यात, पिवळ्या झुरत नव्हता, त्याचं वार्षिक आवरासावरीचं काम चाललं होतं. हे सगळं मी अक्काला नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तर सोबत पाहिजेच की," ती म्हणाली. "मेंदू लहान झाल्यावर एकट्याला कसं सुधरंल?"

यावर नॉटेबोमकडंही उत्तर नसावं. सोबत आणायची असं ठरलं. कुणाची, एवढंच राहिलं.

सूचनांना तोटा नव्हता. पाटोद्याकडच्या एका पाहुण्यांनी मोर सुचवला. त्यांच्या तालुक्यात नायगावला १९९४ पासून मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. मोर शेतात येतात, पीक खातात, त्यामुळं मोर ही त्यांना कोंबडीच्या खानदानातली वस्तू वाटते. (शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे.) कुणी राघू म्हणालं, कुणी साळुंकी, तर एकानं हळूच सांगितलं, की बाजारात लाल-हिरव्या मुनिया मिळतात, एका डब्यात वीस. त्या हिरव्या मुनियांना पहिल्या पावसात नेऊ नये. रानातली साधी मुनिया धरून रंगवून विकण्याचा हा धंदा जुना आहे. पण रंग पक्का असो की कच्चा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राघू, मुनिया, मोर यातलं काहीच पिंजऱ्यात ठेवता येत नाही. जखमी पाखरू सापडलं तर वनखात्याला कळवायचं, किंवा शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीवांचं केंद्र आहे तिथं पोचवायचं. घरी ठेवून त्याचं नाव 'मिठ्ठू' ठेवायचं नाही. मी हे मोठ्यानं सांगत होतो आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा राघू मला अडवून 'कोण आलंय?' विचारत होता.

राहिले परदेशी पक्षी, तेही पिंजऱ्यातच जन्मलेले. यादी करायला बसलो तर गंमत अशी, की जवळपास सगळे ऑस्ट्रेलियाचे निघाले. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाची, गोल्डियन फिंच ऑस्ट्रेलियाची, बजी, कॉकटेल आणि डायमंड डव्हही तिथलेच. आपले पक्षी बाहेर पाठवणं त्या देशानं १९६०च्या सुमारास बंद केलं, त्यामुळं आज बाजारात दिसतात ती सगळी पिंजऱ्यातली पुढची पिढी. ऑस्ट्रेलिया यांतल्या एकानंही पाहिलेलं नाही.

नेमकं कुणाला आणायचं, यावर दाजी वही घेऊन बसले होते. स्वभाव, आवाज, रंग असे रकाने पाडले होते आणि ते मार्क देत होते. तेवढ्यात गल्लीतले म्हातारे मुकादम आले. यांनी उमेदीची सगळी वर्षं दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि खाली कर्नाटकात कारखान्यांवर काढलेली. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फडाजवळ खोप्यांची रांग लागते, आणि कुणाची खोपी कुणाला लागून घालायची यावर पाच-सहा महिने सुखाचे जाणार का हाणामारीचे, ते ठरतं. दाजींची वही मुकादमांनी चष्म्याशिवायच पाहिली आणि बाजूला सारली.

"गुरुजी, कोण गुणी न् कोण वंगाळ ते लिहीत बसू नका. कोणाला काय लागतंय ते लिवा. दोघांला एकच गोष्ट लागायली की भांडण. पहाटं उठणाऱ्याच्या शेजारी रात्री जागणारा घालू नये. आन दोन शहाणे तर एका रांगंत नकोच."

पक्षी पाळण्यावरची कितीतरी पानं मी वाचली आहेत. त्या सगळ्यांचा अर्क याहून वेगळा नाही. शेवटचं कलम तर थेट कॅनरीलाच लागू आहे. दोन कॅनरी नर एका जाळीत ठेवले की दिवस मोठा व्हायला लागताच ते एकमेकांना जमिनीवर उतरवतात. कॅनरीची खरी कटकट बहुतेक वेळा कॅनरीशीच होते. आपल्यासारखाच सोबती मिळाला की जीव रमेल, हा अक्काचा सिद्धांत इथं पहिल्यांदा अडखळला.

मग आम्ही मुकादमांच्या पद्धतीनं यादी चाळली. आधी चोच पाहिली. आपल्याकडं दुकानात जो 'लव्हबर्ड' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बजी असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि त्याहून तापट. दोघांची चोच पोपटाची, आकडेबाज. कॅनरीचं सगळं वजन पंधरा-वीस ग्रॅम, पाय काडीएवढे. बजीचं वजन त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि समोर जे येईल ते कुरतडून बघायची त्याला खोड. त्यात वैर काही नसतं, पण कॅनरीचं बोट मात्र जातं. कॉकटेल स्वभावानं गरीब असतो, तरी अंगानं मोठा, आणि रात्री दचकला की अंधारात सगळी जाळी हादरवतो. शिवाय माळकरी घरात "आम्ही घरात कॉकटेल ठेवलंय" असं पाहुण्यांना सांगायची अक्काची तयारी नव्हती. जावा चिमणी दिसायला देखणी, पण जाड चोचीची दांडगट. त्यात ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा पक्ष्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. दाजींनी उभ्या नोकरीत पुष्कळ तक्ते भरलेले. चिमणीसाठी आणखी एक नको म्हणाले.

झेब्रा फिंचवर मात्र माझा जीव आहे. लाल चोच, नराच्या गालावर तांबूस ठिपका, आणि दिवसभर खेळण्यातल्या पिपाणीचा आवाज. ही पाखरं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातली. ती पंचांग पाहत नाहीत. पाऊस झाला, गवताला दाणा धरला, की लगेच घरटं. पाऊसपाणी बरं झालं की त्या वर्षी बार उडवून घ्यायचे, हे बीडला कुणी शिकवावं लागत नाही. पण झेब्राचं उणं अंग हेच, की तिला सदानकदा घरट्याचं सामान लागतं, आणि हाताशी काही नसलं तर ती कॅनरीच्या पाठीची पिसं उपटून नेते. उपाय सोपा आहे. सुकं गवत आणि काथ्याचे आखूड तुकडे भरपूर टाकायचे, घरट्याच्या जागा जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळ्या एकाच उंचीवर ठेवायच्या, म्हणजे वरच्या मजल्यासाठी मारामारी होत नाही. लांब दोरा आणि कापूस टाकायचा नाही, पायात गुंततो.

बेंगलीज फिंच त्याहून सोशीक. मुनियेच्या जातीतूनच जपानमध्ये काही शतकांपूर्वी माणसाळवलेलं हे पाखरू रानात कुठंच नाही. इतकं सहनशील, की दुसऱ्या पक्ष्यांची अंडी याच्याखाली ठेवली तरी उबवतं, पिल्लं वाढवतं, तक्रार नाही. संध्याकाळी पाच-सहा बेंगलीज एकाच घरट्यात एकमेकांच्या अंगावर झोपतात, शेजारची चार घरटी रिकामी असली तरी. काझुओ ओकानोया या जपानी संशोधकानं यांच्या गाण्याचा अभ्यास केला. रानातल्या भाऊबंदांपेक्षा या पाळीव पाखरांचं गाणं जास्त गुंतागुंतीचं आहे असं त्याला दिसलं. अक्कानं बेंगलीज पाहताक्षणी पसंत केले. तिच्या माहेरचे वाटतात म्हणाली. तिचं माहेर म्हणजे मीही आलोच, पण मी ते कौतुक समजून घेतलं.

गोल्डियन फिंचचे रंग पाहिले की त्याही रंगवलेल्याच असतील असा संशय येतो: हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट, आणि डोकं काळं, लाल किंवा क्वचित पिवळं. रानात लाल डोक्याचे दांडगे आणि काळ्या डोक्याचे नमते असतात, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. जाळीत मात्र बहुतेक जण गरीब आणि मंद आवाजाचे. अडचण हवेची. गोल्डियनला उष्मा मानवतो आणि कॅनरीला थंडावा. बीडचा मे महिना बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा एक पंख मिटून निवांत असतो आणि दुसरा चोच उघडून धापा टाकतो. दोघांना एकाच जाळीत ठेवायचं तर जाळीचं एक टोक सावलीत, वाळ्याच्या पडद्याआड, आणि दुसरं उघडं हवं, म्हणजे ज्यानं त्यानं आपली जागा धरावी. दाजींनी पडदे लावले, पण गोल्डियन आणायचे पुढच्या साली ठरलं.

मुकादमांनी आणखी एक गोष्ट हेरली, ती मला पुस्तकात इतकी स्पष्ट कुठं दिसली नव्हती. जाळीत मजले असतात. कॅनरी वरच्या दांडीसाठी हट्ट धरतो. फिंच मधल्या फांद्यांत वळवळतात. तळ रिकामाच. "खालच्या खोप्या का मोकळ्या ठिवल्या?" त्यांनी विचारलं. पाळणारे लोक तळाला रंगीत लावी सोडतात, ती सांडलेला दाणा वेचते. पण ती लावी भारताच्या गवताळ रानातही आहे, म्हणजे कायदा पुन्हा दारात. म्हणून तळासाठी डायमंड डव्ह आणला. राखाडी, पंखांवर पांढरे ठिपके, डोळ्याभोवती लाल कडं, आणि आपल्या होल्यापेक्षाही लहान. तो खाली येऊन खातो आणि मग तासन् तास एका जागी बसून असतो. येणारे-जाणारे त्याला बरं नाही का म्हणून विचारतात.

नवे पक्षी आणले की महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचे, रोग, उवा-पिसवा असल्या तर तिथंच कळतात. आल्या पाहुण्याला महिनाभर बाहेरच्या खोलीत बसवणं अक्काला पहिल्यांदा अपमानाचं वाटलं. पण २०२० नंतर क्वारंटाइन हा शब्द आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिनं दारावर खडूनं चौदा दिवस लिहिले. आम्ही दुप्पट करून घेतले.

दाण्याच्या बाबतीत बीड श्रीमंत आहे, हे यानिमित्तानं कळलं. कॅनरीचा मुख्य दाणा बाहेरून येतो, पण त्याचा खरा जीव कारळ्यावर. तेच कारळं, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. तेलकट असल्यानं चिमूटभरच घालायचं, नाहीतर पिवळ्या गोल होतो. फिंचांना राळे आणि बाजरी. आख्खं राळ्याचं कणीस जाळीला बांधलं की झेब्रांची सकाळ त्यातच जाते. चुन्यासाठी समुद्रफेस टांगायचा. एका गोष्टीत मात्र शिकलेले लोक फसतात. ही पाखरं दाणा सोलून खातात आणि फोलपट वाटीतच टाकतात, त्यामुळं वाटी भरलेली दिसते आणि आत दाणा एकही नसतो. भरल्या वाटीपुढं पक्षी उपाशी मेल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत. दाजी रोज वाटीवर फुंकर घालायचे. अक्कानं दोन दिवस बघितलं, मग सूप काढलं आणि सगळ्या वाट्या पाखडून एका मिनिटात निवाडा केला. डव्ह दाणा आख्खा गिळतो, सोलत नाही. त्यामुळं त्याच्या वाटीत फोलपट निघत नाही. अक्काच्या लेखी तो घरातला सर्वांत टापटिपीचा.

पाण्यावरून वाद झालाच. कॅनरीला अंघोळीची हौस दांडगी. उथळ ताटली ठेवली की तो पंख आपटून अर्धं पाणी बाहेर उडवतो, आणि त्याचं पाहून फिंचही रांग लावतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं अशा गल्लीत, उन्हाळ्यात टँकरपुढं घागरी मांडलेल्या असताना, एक पिवळं पाखरू सकाळी दहाला खुशाल डुंबतंय, हे बघणं सगळ्यांनाच सोसत नाही. "आम्ही बादलीत भागवतो," पलीकडच्या काकू म्हणाल्या. दाजींनी ताटली तुळशीच्या वर टांगली, उडालेलं पाणी तुळशीला. काकूंनी ते पुण्यकर्म म्हणून मान्य केलं.

जाळीची खोली परसात उभी राहिली ती उंच नाही, लांब आहे. पक्षी आडवा उडतो. उंच खोली माणसाला बरी वाटते एवढंच. तार बारीक, उंदीर आणि साप शिरणार नाहीत अशी. आत जायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एक शिक्रा पहिल्याच आठवड्यात कडुनिंबावर येऊन बसायला लागला, म्हणून छताचा अर्धा भाग पत्र्याचा केला. वरून चिमण्यांची घाण आत पडू नये, हाही फायदा.

तर वरच्या दांडीवर पिवळ्या, मध्ये फिंचांची वर्दळ, खाली डव्ह. माझं निरीक्षण विचाराल तर यातल्या कुणाचंही कुणाशी काही घेणंदेणं नाही. पिवळ्या झेब्रांकडं बघतही नाही. डव्हला बेंगलीज आहेत हे माहीत असेल असं वाटत नाही. भांडण नाही, ते याच कारणानं. एकमेकांपासून कुणाला काही नको आहे. अक्काला हे मान्य नाही. "किती रमलेत बघ एकमेकांत," असं ती येईल त्याला सांगते, आणि दिवस मोठा होऊ लागल्यावर पिवळ्यानं गाणं पुन्हा सुरू केलं ते सोबतीमुळंच, यावर गल्लीचं एकमत आहे. नॉटेबोमचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

त्याच सुमारास दाजींनी पुण्याहून कॅनरीची मादी आणली. आता घरटं होणार, झेब्रा त्यात घुसणार आणि अंडी जाणार, म्हणून विणीपुरती कॅनरीची जोडी वेगळी करायची असं ठरलं. दाजींनी सुतार बोलावून जाळीत मधोमध आडभिंत घालायला घेतली. अक्कानं हातातलं काम टाकलं.

"वाटणी करायलाव का काय?"

"चार महिन्यांसाठी. मग काढू."

"सगळे असंच म्हणतेत," अक्का म्हणाली. तिच्या माहेरात मी आणि धाकटा वेगळे निघालो ते चार महिन्यांसाठीच होतं, हे सगळ्यांना आठवलं आणि सुतारानंसुद्धा जरा खाली बघितलं. निवाड्याला मुकादमांना बोलावणं गेलं. त्यांनी दोन्ही बाजू फिरून पाहिल्या, दांड्या मोजल्या, समुद्रफेस एकाच बाजूला गेलाय म्हणून तो मधून कापून दोन्हीकडं टांगायला लावला. अंघोळीची ताटली दोन्हीकडं. वाळ्याचा पडदा मात्र पिवळ्याच्या बाजूला, कारण उष्मा त्याला सोसत नाही, यावर झेब्रांकडून हरकत आली नाही. कारळ्याच्या वाटीवरून दाजींचं म्हणणं पडलं, की फिंचांना ते लागतच नाही, ते राळे खातात.

"लागत नसंल," अक्का सूप घेऊन उभी होती, "पण वाटी दोन्हीकडं पाहिजे."